तळघरातलं आकाश: रोमन सैनिकांचा देव मिथ्रास

इंग्लंडच्या उत्तरेला, रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीलगत कॅरोबर्ग नावाची एक जागा आहे. एके काळी तिथे रोमन किल्ला होता, आता ओलसर गवताळ रान आहे. 1949 च्या उन्हाळ्यात पाऊस फार कमी पडला, दलदल सुकली आणि गवतातून कोरीव दगडांची टोकं वर डोकावू लागली. पुढच्या वर्षी खोदकाम झालं तेव्हा एक छोटंसं देऊळ निघालं. त्याच्या टोकाला तीन वेदी एका रांगेत तशाच उभ्या होत्या.

त्यातली एक वेदी जवळून बघावी अशी आहे. तिच्यावर देवाची अर्धाकृती कोरलेली आहे आणि डोक्याभोवती सूर्यासारखे किरण. हे किरण दगडात आरपार पोखरलेले आहेत. वेदीच्या मागच्या बाजूला एक खोबण आहे, दिवा ठेवण्याएवढी. खोलीला खिडकी नाही. सगळे दिवे मालवून फक्त हा मागचा दिवा लावला, की काळोखात देवाच्या डोक्याभोवतीचे किरण तेवढे उजळायचे, दगड दिसायचाच नाही.

ही वेदी तिथल्या किल्ल्यावरच्या एका सेनाधिकाऱ्याने उभारली. तिच्यावर लॅटिनमध्ये चार अक्षरं आहेत, जी रोमन साम्राज्यात हजारो दगडांवर सापडतात. त्यांचा पूर्ण अर्थ लिहायचा तर: 'नवस स्वखुशीने आणि यथायोग्य फेडला'. मराठी वाचकाला यापुढे काही समजावून सांगायला नको. हा नवस होता मिथ्रासचा, 'अजिंक्य देव मिथ्रास'चा.

मिथ्रासच्या पंथाला अभ्यासक 'रहस्यपंथ' म्हणतात. रोमन लोकांचा नेहमीचा धर्म उघड्यावरचा होता. चौकात देऊळ, देवळासमोर वेदी, वेदीवर बळी, आणि सगळं गाव बघायला. रहस्यपंथात मात्र दीक्षा घ्यावी लागे. आत काय दिसलं आणि काय ऐकलं, ते बाहेर बोलायचं नाही अशी शपथ असे. ग्रीसमध्ये एल्युसिसला असे विधी कित्येक शतकं चालू होते. मिथ्रासचा पंथ त्या मानाने उशिरा आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याच्या खुणा दिसू लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या शतकात तो ब्रिटनपासून सीरियापर्यंत पसरतो आणि चौथ्या शतकाबरोबर संपतो.

अडचण अशी, की या पंथातल्या माणसांनी स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ आपल्यापर्यंत पोचलेला नाही. जे लिहिलेलं आहे ते बहुतेक बाहेरच्यांचं. पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने काही ओळी लिहिल्या आहेत. जस्टिन आणि टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकांनीही उल्लेख केले, पण ते या पंथाला सैतानी नक्कल मानत, त्यामुळे त्यांचं म्हणणं जपूनच घ्यावं लागतं. दुसरीकडे दगडमातीत मात्र भरपूर सापडलं आहे: सुमारे 420 ठिकाणं, हजाराच्या आसपास शिलालेख आणि मिथ्रास बैल मारतोय अशी जवळपास 700 शिल्पं व चित्रं. म्हणून हा पंथ समजून घ्यायचा तर त्याच्या खोल्यांपासूनच सुरुवात करावी. माझ्या मते ज्यांनी आधी कल्पना रचली आणि मग खोल्या पाहिल्या, तेच सगळ्यात जास्त चुकले.

खोली

अभ्यासक या देवळाला 'मिथ्रेअम' म्हणतात. हा आधुनिक शब्द आहे, पंथातले लोक 'गुहा' या अर्थाचा शब्द वापरत. खरी गुहा मिळाली तर उत्तम, नाहीतर घराच्या तळघरात, गोदामामागे किंवा स्नानगृहाखालच्या बोळात गुहा करून घेत. रोममध्ये सान क्लेमेंते चर्चखाली असंच एक तळघर आहे. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या खाली चौथ्या शतकातलं चर्च आणि त्याच्याही खाली मिथ्रासची गुहा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या आयरिश धर्मगुरूंनी खणायला सुरुवात केली आणि हे थर एकेक करून उघडे झाले. त्या खोलीचं छत मुद्दाम खडबडीत ठेवलेलं आहे, गुहेसारखं.

आराखडा जवळपास सगळीकडे एकच. लांबट, अरुंद खोली. मधून चालायची वाट. दोन्ही बाजूंना भिंतीलगत उंच ओटे, शेवटच्या भिंतीत देवाचं शिल्प. ओटे बसायला नव्हते. त्या काळच्या मेजवानीच्या पद्धतीप्रमाणे त्यांवर डाव्या कोपरावर रेलून जेवायचं असे. म्हणजे देऊळ आणि जेवणघर एकच. बहुतेक खोल्यांत वीस ते चाळीस माणसं मावतील, फार नाही.

पॉर्फिरी सांगतो, की ही गुहा म्हणजे विश्वाची प्रतिकृती. हे त्याचं तत्त्वज्ञानी बोलणं वाटलं असतं, पण खोल्या साक्ष देतात. इटलीत कापुआच्या मिथ्रेअममध्ये छतावर तारे रंगवलेले आहेत. रोमचं बंदर असलेल्या ओस्तिया शहरात एका मिथ्रेअमच्या वाटेवर काळ्या-पांढऱ्या मोझेइकच्या सात कमानी आहेत आणि ओट्यांवर बारा राशी व ग्रह. जेवायला रेललेला माणूस अक्षरशः राशिचक्रावर आडवा होत असे, तळघरातल्या आकाशात.

एकट्या ओस्तियात अशी डझनाहून जास्त देवळं सापडली आहेत. पंथ वाढला तेव्हा त्यांनी देऊळ मोठं केलेलं दिसत नाही, शेजारच्या गल्लीत दुसरी छोटी खोली काढली. एकमेकांना नावाने ओळखतील एवढीच माणसं एका ओट्यावर असावीत, असा त्यांचा आग्रह दिसतो.

बैल

आता शेवटच्या भिंतीवरचं शिल्प. मिथ्रास तरुण आहे, डोक्यावर पुढे वळलेली पूर्वेकडची टोपी, पाठीमागे फुगलेला अंगरखा. एक गुडघा बैलाच्या पाठीत रोवलेला. डाव्या हाताने त्याने बैलाची नाकपुडी धरून मान मागे खेचली आहे आणि उजव्या हातातला सुरा खांद्याजवळ खुपसला आहे. पण तो बैलाकडे बघत नाही. मान वळवून मागे, बहुतेक वेळा सूर्याकडे बघतो. कुत्रा आणि साप जखमेतलं रक्त चाटायला झेपावलेत. विंचू बैलाच्या वृषणांना डसतो आहे. जवळ कावळा बसलेला. बैलाच्या शेपटीला गव्हाची ओंबी फुटली आहे. दोन्ही बाजूंना दोन मशालधारी, काउतेस आणि काउतोपातेस: एकाची मशाल वर, दुसऱ्याची खाली. वरच्या कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र.

रक्तातून धान्य, मरणातून जीवन, एवढा अर्थ शेपटीची ओंबी पाहून कुणालाही लागेल. बाकीच्या प्राण्यांचं काय? बेल्जियन विद्वान फ्रान्झ क्यूमाँ यांनी 1890 च्या दशकात सगळे अवशेष एकत्र करून प्रसिद्ध केले. हा पंथ म्हणजे इराणचा प्राचीन धर्म, रोमन कपड्यातला, असं त्यांचं मत होतं. ते सत्तर वर्षं चाललं. त्यात मोठी फट होती. इराणी परंपरेत मिथ्र बैल मारतच नाही. तिथे आदिबैलाला मारतो तो अहरिमन, म्हणजे दुष्टशक्ती. 1971 मध्ये मँचेस्टरला भरलेल्या परिषदेत जॉन हिनेल्स आणि रिचर्ड गॉर्डन यांनी हा मुद्दा ठामपणे मांडला आणि क्यूमाँ यांची इमारत खचली.

त्यानंतर लोकांनी वर आकाशाकडे पाहिलं. बैल म्हणजे वृषभ, विंचू म्हणजे वृश्चिक, शिवाय कुत्रा, साप आणि कावळा यांचेही तारकासमूह ग्रीक-रोमन आकाशात आहेतच. ओंबी म्हणजे कन्या राशीतली चित्रा, जिचं लॅटिन नावच 'ओंबी' आहे. हे शिल्प आकाशाचा नकाशा आहे, यावर आज बरेच जण सहमत आहेत. नकाशा नेमका कशाचा, इथे मात्र वाटा फुटतात. डेव्हिड उलान्सी यांनी 1989 मध्ये तो अयनचलनाशी, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो ते संपातबिंदू राशींतून हळूहळू सरकण्याशी जोडला. मांडणी देखणी आहे, पण सीमेवरचा शिपाई किंवा जकात नाक्यावरचा गुलाम अयनचलनाची पूजा करत होता हे मला पटत नाही. रॉजर बेक यांचं म्हणणं अधिक जवळचं वाटतं: राशी आणि ग्रह ही त्यांची भाषा होती, त्या भाषेत ते आत्म्याच्या येण्याजाण्याबद्दल बोलत.

नाव आपलं, पंथ त्यांचा

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना 'मित्र' हा शब्द आला असणार. सूर्यनमस्काराचा पहिला मंत्र 'ॐ मित्राय नमः'. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातलं 59 वं सूक्त मित्राचं, एरवी तो वरुणाच्या जोडीने येतो. तुर्कस्तानात बोगाझ्कोय इथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या मितान्नी राजाच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे देव साक्षीला आहेत. अवेस्तेत, म्हणजे पारशी धर्मग्रंथात, मिथ्र हा करार पाळायला लावणारा देव आहे. पारशी बांधवांच्या अग्यारीला 'दर-ए-मेहेर' म्हणतात, त्यातला मेहेर म्हणजे हाच. मुंबईत फोर्टातून जाताना आपण त्या नावाजवळून जातो.

नाव एकाच कुळातलं आहे यात शंका नाही. आणखी एक शब्दही रोमपर्यंत पोचला. रोममध्ये सांता प्रिस्का चर्चखालच्या मिथ्रेअममध्ये भिंतीवर दीक्षितांची मिरवणूक रंगवली आहे आणि दीक्षेच्या सात पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरीच्या माणसांना उद्देशून लिहिलंय: 'नामा'. 'सिंह' ही त्यातलीच एक पायरी. सिंहांना नामा, गुरू ग्रहाच्या रक्षणाखाली. हा लॅटिन शब्द नाही, इराणी आहे, आपल्या 'नमः'चा सख्खा भाऊ. त्याच मिथ्रेअममध्ये 20 नोव्हेंबर 202 या तारखेची नोंद ओरखडलेली आहे.

पण इथेच थांबायला हवं. वेदातल्या मित्राला बैल नाही, तळघर नाही, सात पायऱ्या नाहीत. पूर्वेकडचं प्रतिष्ठित नाव, इराणी वाटणारी टोपी आणि दोनचार शब्द घेऊन रोमन साम्राज्यातल्या माणसांनी नवाच पंथ घडवला, असं आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. 'रोमनांनी वैदिक देवाची पूजा केली' असं वाक्य अभिमानाने फिरवलं जातं. त्यात या पंथाचं जे खरं वेगळेपण आहे, तेच पुसलं जातं.

सात पायऱ्या

ओस्तियातच फेलिसिस्सिमस नावाच्या माणसाने नवस म्हणून करून दिलेली एक फरशी आहे. मधल्या वाटेवर मोझेइकचे चौकोन शिडीसारखे एकापुढे एक. प्रत्येक चौकोनात एका दीक्षेची चिन्हं. कावळा, 'वधू' (पुरुषच, पण वधूचा मान असलेला), सैनिक, सिंह, पारसिक, सूर्यदूत आणि सर्वांत वर पिता. प्रत्येकाला एकेक ग्रह: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, चंद्र, सूर्य आणि शनी. सिंहाच्या चौकोनात निखारे उचलायचं फावडं आहे, कारण सिंह अग्नीचा. पॉर्फिरी सांगतो, की सिंहाची दीक्षा घेणाऱ्याच्या हातावर पाण्याऐवजी मध ओतत, अग्नीला पाणी चालत नाही म्हणून.

दीक्षा सोपी नव्हती. कापुआच्या ओट्यांवर रंगवलेली चित्रं फिकट झाली आहेत, तरी दिसतं ते पुरेसं आहे: नागडा माणूस, डोळ्यांवर पट्टी, हात मागे, समोर आणि मागे दोन माणसं. दुसऱ्या चित्रात तो गुडघ्यांवर. जर्मनीत माइन्झला 1976 मध्ये सापडलेल्या एका भांड्यावर बसलेला पिता धनुष्य ताणून दीक्षा घेणाऱ्यावर रोखतो आहे. जर्मनीतच रीगेलला एक विचित्र तलवार मिळाली. तिचं पातं मधोमध वाकवून अर्धवर्तुळ केलेलं आहे. अंगाला अडकवली की आरपार गेल्यासारखी दिसते. म्हणजे मरणाचं सोंग होतं. डोळ्यांवरची पट्टी काढल्यावर दिव्याच्या उजेडात ते पाहणाऱ्याला मात्र सोंग वाटलं नसेल.

टर्टुलियन सांगतो, की सैनिकाच्या दीक्षेत तलवारीच्या टोकावरून मुकुट पुढे केला जाई. दीक्षार्थीने तो हाताने बाजूला सारायचा आणि म्हणायचं, मिथ्रास हाच माझा मुकुट. त्यानंतर त्याने आयुष्यात कधी मुकुट घालायचा नाही.

हे लोक कोण होते? सैनिक आणि त्यांचे अधिकारी, जकात खात्यातले कारकून आणि गुलाम, मुक्त झालेले गुलाम, व्यापारी. स्लोव्हेनियातल्या प्तुय इथे, म्हणजे रोमन पोएतोव्हियोत, जकात खात्याच्या गुलामांनी उभारलेले शिलालेख आहेत. बदली होणारी माणसं ही. त्यांच्याबरोबर पंथ नदीकाठच्या छावण्यांतून आणि नाक्यांवरून फिरला. कॅरोबर्गची तुकडी मुळात आजच्या नेदरलँड्समधल्या बटावी लोकांची होती. बायकांना आत जागा नव्हती. गुलाम आणि अधिकारी एका ओट्यावर रेलत, पण तिथेही वर-खाली पायऱ्या होत्याच. ही बंडखोरांची जमात नव्हती, शिस्तीची सवय असलेल्या माणसांची होती.

उष्टं-खरकटं

माझ्या दृष्टीने या पंथाबद्दलची सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे बेल्जियममधल्या तीनेन गावातला उकिरडा. मिथ्रेअमच्या आवारात खड्डे खणून त्यांत एका मेजवानीचं उष्टं आणि भांडी पुरलेली होती. अडीचशेहून जास्त कोंबड्यांची हाडं, त्यांत बहुतेक कोंबडे. शिवाय कोकरं आणि डुकराची पिल्लं. प्राण्यांच्या वयावरून ही मेजवानी उन्हाळ्याच्या मध्याला, जूनच्या अखेरीला झाली असं ठरतं, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस ज्या सुमारास येतो तेव्हा. भांडी एकाच वेळी वापरून फोडून टाकलेली.

आता हिशोब करा. खोलीत तीसचाळीस माणसं, आणि खाणं शेकडोंचं. म्हणजे आसपासचं गावही त्या दिवशी जेवलं. आपण 'गुप्त पंथ' म्हटलं की अंधारात लपतछपत जमणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. तीनेनचे खड्डे सांगतात, की हे लोक कोण आणि कुठे जमतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुपित होतं ते फक्त विधीचं. दगडांवर स्वतःचं नाव कोरणारा माणूस लपत नसतो.

असाच दुसरा पुरावा सीरियात युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोसचा. 256 च्या सुमारास सासानी इराणी फौजेने वेढा घातला, तेव्हा तटबंदी भक्कम करायला रोमनांनी तटालगतच्या इमारती मातीने भरून टाकल्या. शहर पडलं, पण त्या मातीखाली मिथ्रासचं देऊळ, ज्यूंचं सिनॅगॉग आणि ख्रिस्ती प्रार्थनाघर तिन्ही टिकून राहिली, एकाच तटाच्या आडोशाला. 1934 मध्ये हे मिथ्रेअम सापडलं. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. भिंतीवर देवाच्या चित्रांसोबत खर्चाचे हिशोब ओरखडलेले आहेत: मांस, वाइन, तेल, लाकूडफाटा. कुणीतरी वर्गणीचा जमाखर्च मांडत होता.

ख्रिस्ती धर्माशी नातं

इंटरनेटवर सगळ्यात जास्त फिरणारा दावा असा: मिथ्रास 25 डिसेंबरला कुमारिकेच्या पोटी जन्मला आणि ख्रिस्ती धर्माने सगळं त्याच्यावरून उचललं. शिल्पांत मिथ्रास खडकातून जन्मतो, हातात सुरा आणि मशाल घेऊन, तरुण म्हणूनच. कुमारिका कुठेच नाही. 25 डिसेंबरला 'अजिंक्याचा जन्मदिवस' अशी नोंद 354 च्या रोमन दिनदर्शिकेत आहे. ती सूर्यदेवाची समजली जाते, तिचा मिथ्रासच्या देवळांशी संबंध दाखवणारा पुरावा नाही.

सांता प्रिस्काच्या भिंतीवरच्या एका ओळीने याहून मोठी खळबळ उडवली होती. 'शाश्वत रक्त सांडून तू आम्हांला तारलंस' असं ती पहिल्यांदा वाचली गेली आणि कित्येक पुस्तकांत छापली गेली. रंगाचा मूळ थर नंतर पुन्हा बारकाईने तपासल्यावर दिसलं, की 'शाश्वत' हा शब्द भिंतीवर धडपणे नाहीच आणि बाकीचंही बरंचसं अंदाजाने भरलेलं आहे. दोन पंथांत साम्य नव्हतं असं नाही. भाकर आणि पाण्याच्या पेल्याचा विधी मिथ्रासच्या दीक्षेत आहे, हे जस्टिन दुसऱ्या शतकात स्वतः चिडून लिहितो. एकत्र जेवणं हा त्या काळच्या अनेक मंडळ्यांचा पाया होता, एवढं त्यातून नक्की दिसतं.

शेवट

308 मध्ये ऑस्ट्रियातल्या कार्नुन्टुमला सम्राटांची बैठक झाली, तेव्हा त्यांनी मिथ्रासला 'आपल्या साम्राज्याचा पाठीराखा' म्हणून वेदी वाहिली. शंभर वर्षांच्या आत सगळं संपलं. 377 च्या सुमारास रोमच्या एका ख्रिस्ती प्रशासकाने एक मिथ्रेअम फोडलं, असं ख्रिस्ती लेखक जेरोम कौतुकाने लिहितो. 391 मध्ये सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांची पूजाच बंद केली. काही देवळांवर घण पडले, काही नुसतीच ओस पडली.

लंडनमध्ये वेगळंच घडलं. वॉलब्रुक ओढ्याकाठी साधारण 240 मध्ये बांधलेल्या मिथ्रेअममध्ये मूर्ती जमिनीखाली जपून पुरलेल्या सापडल्या. 18 सप्टेंबर 1954 ला, उत्खनन संपायच्या बेतात असताना, मातीतून मिथ्रासचं संगमरवरी डोकं वर आलं. बातमी छापून येताच दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांनी उजाड झालेल्या त्या जागेवर लोकांची रीघ लागली, सुमारे चार लाख लोक येऊन गेले असं सांगतात. देऊळ तिथून उचलून दुसरीकडे मांडलं गेलं आणि 2017 मध्ये मूळ जागेजवळ परत आणलं गेलं. आज रस्त्याच्या पातळीखाली सात मीटर उतरून ते बघता येतं, प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

कॅरोबर्गला मुख्य शिल्प फोडून टाकलेलं होतं, एका मशालधाऱ्याचं डोकं उडवलेलं होतं. तीन वेदी मात्र कुणी पाडल्या नाहीत. मग पाणी चढलं, दलदल झाली आणि तिने सगळं झाकून टाकलं. मूळ वेदी आता न्यूकॅसलच्या संग्रहालयात आहेत. रानात त्यांच्या सिमेंटच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत, किरणांच्या भोकांसकट. भिंतीच्या वाटेने चालत जाणारे लोक त्यांच्यावर अजूनही नाणी ठेवून पुढे जातात.